भाऊ, हा मासा जन्मला कुठे?

नागपूरकराला समुद्राचं काय पडलंय, असं कोणी विचारलं तर त्यात चूक काही नाही. आपल्या गावाची ओळख म्हणजे झिरो माइल. मुंबईचा किनारा इथून रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, आणि दुसऱ्या बाजूचा विशाखापट्टणमही काही शेजारी नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि मे महिन्यात कूलरच्या टाकीतलं. तरीही मित्रांनो, आज मी समुद्राबद्दलच लिहिणार आहे. कारण समुद्र आता ऑटोने जाण्याइतका जवळ आलाय. धंतोलीत!

गावाहून आलेल्या मुलालाही पहिल्याच सेमिस्टरमध्ये एक गोष्ट कळते. डेंग्यू होवो, दाढ दुखो की क्रिकेट खेळताना बोट मोडो, जायचं धंतोलीत. एका बाजूला रामकृष्ण मठाची शांतता, दुसरीकडे यशवंत स्टेडियमची गर्दी, आणि मधल्या गल्ल्यांत डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. या दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये तीन गोष्टी हमखास सापडतात. मागच्या दिवाळीचा अंक, टीव्हीचा न चालणारा रिमोट आणि फिश टँक. आता हा फिश टँक नुसता शोभेचा नसतो बरं का! १९८४ साली अमेरिकेत दातांच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना काही वेळ फिश टँककडे पाहत बसवलं, तेव्हा त्यांची धास्ती कमी झालेली आढळली. म्हणजे डॉक्टरसाहेबांचा खर्च वाया गेला असं म्हणता येणार नाही.

इतकी वर्षं या टँकमध्ये कोण असायचं? गोल्डफिश, एंजल, गप्पी, फार तर एखादा ऑस्कर. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदललंय. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, गर्द निळा टँग, हळदीसारखा पिवळा टँग, काळ्या पट्ट्यांचा आणि लांब पंखांचा बांगाई कार्डिनल. ज्यांचं दर्शन पूर्वी डिस्कव्हरी चॅनलवर व्हायचं ते मासे आता नागपुरात ऑर्डर देऊन मिळतात. कृत्रिम समुद्री मीठ पिशवीत मिळतं, एलईडी दिवे स्वस्त झालेत, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि थर्माकोलच्या पेटीत मासा विमानाने येतो. मोबाइलवर फोटो, खाली भाव, आणि कोपऱ्यात दोन शब्द: "रेअर पीस".

मध्यंतरी अशाच एका दुकानात (नाव कशाला घ्यायचं!) मी विचारलं, "भाऊ, हा मासा कुठचा?"

"चेन्नईचा."

"म्हणजे चेन्नईत जन्मला?"

"अरे बाबू, चेन्नईहून पार्सल येते. जन्म कुठी झाला ते मले काय माहीत? तुले मासा पाह्यजे का जन्मदाखला?"

दुकानात सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला जन्मदाखलाच पाहिजे होता. समुद्री मासा घेताना किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि आपल्यापैकी जवळपास कोणीच तो विचारत नाही. दुर्मिळ मासा सहज मिळायला लागला म्हणजे तो जगात वाढला, असं आपण गृहीत धरतो. बऱ्याचदा गोष्ट नेमकी उलटी असते.

कशी ते पाहू. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे, म्हणजे आपले गोल्डफिश आणि गप्पी, नव्वद टक्क्यांहून जास्त शेततळ्यांत आणि टाक्यांत जन्मलेले असतात. चेन्नईजवळच्या कोळत्तूरला तर हा घरोघरीचा धंदा आहे. समुद्री माशांचं गणित याच्या अगदी विरुद्ध. त्यातले बहुसंख्य आजही प्रवाळाच्या खडकांवरून पकडून आणलेले असतात. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या व्यापाराचा अहवाल काढला. त्यात वर्षाला २ ते २.४ कोटी समुद्री मासे आणि १४७१ जाती असा अंदाज होता.

हा फरक का पडला? गप्पी जिवंत पिल्लं देतो, ती पहिल्या दिवसापासून खातात. समुद्री मासे बहुधा अंडी उघड्या पाण्यात सोडतात. त्यातून निघणारी अळी डोळ्यांना धड दिसत नाही, कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि तिला खायला त्याहून बारीक जिवंत प्लवक लागतं. ते टाकीत वाढवणं ही एक स्वतंत्र इंजिनिअरिंगच आहे. क्लाउनफिश त्यातल्या त्यात सोपा, कारण तो दगडावर अंडी चिकटवतो, नर त्यांची राखण करतो आणि पिल्लं दीड-दोन आठवड्यांत माशासारखी दिसायला लागतात. टँगच्या अळीला मात्र दीड-दोन महिने सांभाळावं लागतं. म्हणजे एकाच टँकमध्ये शेजारी शेजारी पोहणाऱ्या दोन माशांपैकी एक हॅचरीतला आणि दुसरा हजारो किलोमीटरवरच्या समुद्रातून उचललेला असू शकतो. काचेतून पाहून फरक कळत नाही.

आता थोडं आपल्या भाषेत बोलू. प्रॉडक्शनच्या लेक्चरला आपण यील्ड शिकतो. पकडलेला मासा आपल्यापर्यंत येताना साधारण पाच टप्पे पार करतो. पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, आयात करणारा आणि शेवटी दुकान. समजा प्रत्येक टप्प्यावर फक्त १० टक्के मासे मेले. वाटतं, दहाच टक्के ना! पण ०.९ चा पाचवा घात काढा: ०.५९. शंभरातले एकोणसाठच पोहोचले. प्रत्येक टप्प्याला २० टक्के धरले तर उरतात तेहतीस. म्हणजे टँकमधल्या एका माशामागे समुद्रातून तीन गेले. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, कुठल्या अहवालातले नाहीत. पण साखळी जितकी लांब तितकं नुकसान गुणाकाराने वाढतं, हे कोणालाही पटेल. आणि बिलावर फक्त पोहोचलेल्या माशाची किंमत असते.

पकडण्याची पद्धतही पाहा. सगळेच काही जाळ्याने पकडत नाहीत. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सोडियम सायनाइडचं पाणी प्रवाळाच्या फटींमध्ये फवारायची पद्धत सुरू झाली आणि पुढे आग्नेय आशियात पसरली. मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. आसपासचं प्रवाळ मरतं, आणि वाचलेला मासाही पुढे दगा देऊ शकतो. गिऱ्हाईक म्हणतो, "काय की, पाण्यात काही गडबड झाली असेल." पाण्यात गडबड झालेली असतेच, पण कदाचित ती आपल्या टँकच्या पाण्यात नसते.

"रेअर पीस" या शब्दांचा अर्थ कळायला बांगाई कार्डिनलची गोष्ट पुरेशी आहे. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा बेटांचा समूह आहे. हा मासा निसर्गतः जगात फक्त तिथलाच. १९३३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, आणि नंतर साठेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला. १९९० च्या दशकात तो पुन्हा जगासमोर आला, त्याचे फोटो छापले गेले आणि मागणीचा पूर लोटला. २००० च्या आसपास वर्षाला सहा-सात लाख मासे पकडले जात असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. २००७ साली आययूसीएनने त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं.

या माशाचा घात त्याच्या चांगुलपणाने केला. नर अंडी तोंडात धरून उबवतो, पिल्लंही काही दिवस तोंडातच ठेवतो, तेवढे दिवस स्वतः उपाशी राहतो. पिल्लं बाहेर पडतात ती तिथेच, आईबापांच्या शेजारी, समुद्री साळिंदराच्या काट्यांत लपून वाढतात. इतर माशांच्या अळ्या वाहत जाऊन रिकामी जागा भरून काढतात, याच्या वाहतच नाहीत. एका खाडीतले संपले की संपले. पण ज्यांना तो पंधरा-वीस वर्षांपूर्वी "सहज मिळतो" असं वाटत होतं, त्यांना हे कोण सांगणार? दुकानात तो भरपूर दिसत होता, कारण समुद्रातून तो भराभर कमी होत होता.

सगळा दोष सिनेमावर ढकलायची आपल्याकडे सवय आहे. २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि निमो घराघरांत विकला गेला, असं सर्रास सांगतात. पुढे २०१६ च्या 'फाइंडिंग डोरी'नंतर संशोधकांनी निळ्या टँगच्या आयातीचे आकडे तपासले, तेव्हा सिनेमामुळे खरेदी वाढल्याचा पुरावा काही मिळाला नाही. तेव्हा निमोला सोडा. मासा आपण घेतो, पैसे आपण देतो.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत दम आहे.

पहिला आक्षेप पोटाचा. बेटांवरचा गरीब कोळी या माशांवर जगतो, त्याचं काय? बरोबर आहे. त्याच २००३ च्या अहवालात एका बेटांच्या देशाचा दाखला आहे. तिथे २००० साली एक किलो शोभेच्या माशांना सुमारे ५०० डॉलर मिळत होते, तर खायच्या एक किलो माशांना ६ डॉलर. जाळ्याने, बेताने मासे पकडणारा माणूस प्रवाळ जपतो, कारण त्याचं दुकानच ते असतं. म्हणून समुद्रातला प्रत्येक मासा पापाचा, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की बेताने पकडलेला आणि सायनाइडने पकडलेला यांत फरक करायची सोय गिऱ्हाइकाला असली पाहिजे. आज ती धंतोलीत नाही.

दुसरा आक्षेप: मग सरकारने बंदी घालावी ना! तेही करून झालंय. २००१ साली समुद्री घोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. हे योग्यच झालं, आणि टँकमध्ये शोभेला ठेवायला कोणी आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळाचा तुकडा देत असेल तर सरळ नाही म्हणा, तो गुन्हा आहे. पण २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने फिश टँकच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात १५८ जाती विकायला किंवा दाखवायला मनाई केली. क्लाउनफिशही त्यात. हॅचरीत जन्मलेला आणि समुद्रातून पकडलेला असा भेदच केला नाही. ज्यांनी कष्टाने पैदास जमवली होती तेही एका फटक्यात गुन्हेगारांच्या रांगेत उभे राहिले. ओरड झाली आणि पुढे नियम मागे घेतले गेले. माझ्या मते धडा असा की जातीवर बंदी घालून भागत नाही. माशाचा जन्म कुठे झाला हे नोंदवायला लावलं पाहिजे.

आणि पैदास जमत नाही असं समजू नका. आपण मेसमध्ये रविवारी जो रोहू खातो त्याचा इतिहास आठवा. एकेकाळी रोहू-कटल्याचं बीज पावसाळ्यात नद्यांमधून गोळा करावं लागे, कारण हे मासे तळ्यात अंडी देत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना तळ्यात अंडी द्यायला लावलं. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. नदीवरचा भार हॅचरीने उचलला. जे रोहूचं झालं तेच क्लाउनफिशचं होऊ शकतं, नव्हे, होतंय.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल यांच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रात, लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी राहिली आहे. याच ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाची रोजी आणि प्रवाळाचा जीव, दोन्ही एकाच वेळी वाचवता येतात. परदेशातही पाहा. २०१५ साली हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँग प्रथमच हॅचरीत वाढवला, २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठात निळा टँग जमला. २०१७ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली यलो टँगची पकड जवळपास थांबली, तेव्हा हॅचरीतला टँग बाजारात होता. तो महाग होता, पण होता. बांगाई कार्डिनलचीही पैदास आता होते. पकडलेल्याहून हॅचरीतला मासा थोडा महाग पडतो, पण तो लहानपणापासून टाकीत राहिलेला आणि तयार खाणं खाणारा असतो, त्यामुळे टिकतो. उलट मँडरिनसारखा देखणा मासा पकडून आणला की तो बहुधा जिवंत बारीक जीवांशिवाय काही खात नाही आणि नव्या टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो. पाहणाऱ्याला वाटतं, किती शांत मासा आहे!

टिकण्यावरून आपल्या नागपूरचा विषय काढायलाच हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. दोनशे लिटरच्या टँकला सात किलो मीठ लागलं. पाणी हवं २५-२६ अंशांना. आणि आपल्याकडे? २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. कूलरच्या खोलीत टँकचं पाणी ३५ पर्यंत गेलं तर ते २६ वर आणायला सुमारे ७५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, दोन युनिटच्या थोडी वर. ही नुसती सुरुवात, कारण उष्णता चोवीस तास आत येतच राहते. त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्याच्या वादळात तीन तास लाइट गेली आणि बॅकअप नसला, तर सकाळी काय दिसेल ते सांगायला नको. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर समुद्र घरी आणूच नये. होस्टेलच्या रूमवर तर नाहीच नाही, वॉर्डन सरांनी पाहिलं तर मासा आणि आपण दोघेही बाहेर!

तर मित्रांनो, मागणं काय? छंद सोडा असं मी म्हणणार नाही. प्रवाळावरचा मासा इतक्या जवळून पाहिल्यावर समुद्राबद्दल ओढ वाटते, आणि ती विदर्भातल्या मुलाला वाटावी हे चांगलंच आहे. मागणं साधं आहे. घरी कोणी समुद्री टँक लावत असेल तर हॅचरीतलाच मासा घ्यायला सांगा आणि बिलावर तसं लिहून मागा. लिहून मिळत नसेल तर घेऊ नका. दहा गिऱ्हाइकं बिल मागायला लागली की दुकानदार पुढच्या पार्सलला चेन्नईला तोच प्रश्न विचारेल. दुकानदार वाईट नसतो, त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. धंतोलीतल्या डॉक्टरसाहेबांनाही विनंती की वेटिंग रूममध्ये हॅचरीतला क्लाउनफिश ठेवा आणि टँकवर तशी एक पाटी लावा. घाबरलेल्या रुग्णाला शांत करायला दुर्मिळ मासा लागत नाही, १९८४ साली तर नाहीच लागला.

आणि शेवटची विनंती आपल्या सरांना. फायनल इयरला दरवर्षी तेच ते लाइन फॉलोअर आणि तीच ती होम ऑटोमेशन पाहून तुम्हीही कंटाळला असाल. इथे खरा प्रॉब्लेम आहे. स्वस्त चिलर, क्षार आणि तापमान सांगणारा सेन्सर, लाइट गेल्यावर फक्त हवेचा पंप चालवणारा बॅकअप. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, तिन्ही ब्रँचला काम आहे. मत्स्यविज्ञान महाविद्यालय तर आपल्या गावातच, तेलंगखेडीला आहे. समुद्रापासून आठशे किलोमीटरवर क्लाउनफिशची एक जोडी अंडी देईल असा टँक दोघांनी मिळून उभा केला, तर त्या पिल्लांच्या जन्माची जागा सांगायला कोणालाच अडचण पडणार नाही. नागपूर, महाराष्ट्र. कोणी गाइड व्हायला तयार असेल तर ग्रुप माझ्याकडे तयार आहे.